दोन विहिणी, एक केबिन

निखिलने आम्हाला बोटीवर घातलं ते ट्यूलिप दाखवायला नव्हे, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ट्यूलिप त्याच्या हॉलंडमधल्या, न्यूनेनच्या घरासमोर रस्त्याच्या कडेलाही होते. गेमेंटेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने लावलेले, लाल-पिवळे, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. ते बघायला बोट कशाला? पण मुलं परदेशात नोकरीला लागली की आईला सरळ काही सांगत नाहीत. आधी लॅपटॉप उघडतात, नकाशा दाखवतात, निळ्या रेघेवरून बोट फिरवतात आणि मग म्हणतात, "आई, तुम्हा दोघींना छान ब्रेक मिळेल."

दोघी म्हणजे मी आणि माझी विहीण. मी शैला, मिरजेची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवली, त्यामुळे मला गप्प बसणं जमत नाही, आणि समोरचं कुणी गप्प बसलं तर लाइन बिघडली की काय असं वाटतं. मंगलताई डोंबिवलीच्या, शाळेत संस्कृत शिकवायच्या. यजमान गेल्यापासून एकट्याच राहतात. बोलणं मोजकं, साडीच्या निऱ्या जिथल्या तिथे, आणि मला हाक मारणार ती 'अहो विहीणबाई' अशीच. त्यांची अवनी माझी सून. तिला मे महिन्यात बाळ होणार होतं आणि आम्ही दोघी आपापल्या घरून तेवढ्यासाठीच आलो होतो.

गंमत झाली ती बॅगा उघडल्यावर. दोन्हींतून तेच निघालं. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, झबली, टोपडी. ओट्यावर दोन दुकानं मांडल्यासारखं झालं. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मंगलताई हक्काने आल्या होत्या. मी मात्र निखिलच्या मागे लागून आले होते. कारण सांगते. निखिल झाला तेव्हा आमच्या सासूबाई एकदम खमक्या. तेल लावणार त्या, न्हाऊ घालणार त्या, धुरी देणार त्या. मी पलंगावरून बघायचं, आणि रजा संपली की ड्युटीवर जायचं. माझ्या एकुलत्या एका पोराला मी एकदाही पायावर घेऊन न्हाऊ घातलं नाही. ती हौस इतकी वर्षं मनात राहिली होती. नातवंडाच्या वेळी तरी ती पुरी करायची, एवढंच मला हवं होतं.

पण निखिलच्या घरात जादा खोली एकच, आणि तीही टेबल-कॉम्प्युटरने भरलेली. त्यात आम्ही दोघी सुनेला काय खायला द्यायचं यावरून इतक्या गोड आवाजात भांडायचो की अवनी बिचारी दोन्ही वाट्या संपवून कॉटवर आडवी व्हायची. शेवटी निखिल म्हणाला, "आठवडाभर फिरून या, आणि बाळंतपणाला कोण राहणार ते तुम्हीच मिळून डिसाइड करा. दुसरीचं तिकीट मी अलीकडचं करतो. आम्ही दोघं न्यूट्रल." न्यूट्रल म्हणे! माझाच मुलगा तो, वेळ आली की पळ काढतो.

ॲमस्टरडॅम

बोट लांबलचक आणि बुटकी होती, पुलांखालून जायचं म्हणून. केबिन म्हणजे दोन अरुंद पलंग, मध्ये हातभर वाट आणि पाण्याला टेकलेली खिडकी. खिडकीतून एक बदक आत बघत होतं. एकीने साडी नेसायची तर दुसरीने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. मी मनात म्हटलं, झालं, आठ दिवसांत आमचं बोलणं तरी बंद होईल नाहीतर आमच्यापैकी एक पाण्यात तरी जाईल.

मंगलताईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल? पर्समधून डबी काढली, डबीतून पितळेचा रांगता बाळकृष्ण काढला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर रुमाल घालून त्याला बसवला. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "अहो विहीणबाई, फुलाचं काय करायचं?"

मी म्हटलं, "अहो, फुलांच्या देशात आलोय आपण. फुलाला काय तोटा?"

तोटाच निघाला. दुसऱ्या दिवशी आम्हाला लिसे गावाजवळच्या त्या मोठ्या बागेत नेलं. किती फुलं असावीत! जांभळी इतकी गडद की काळीच वाटावीत, काहींच्या पाकळ्यांना झालर, काही तर आपल्या कमळासारखी. मी फोटो काढता काढता दमले. पण एकाही फुलाला हात लावायचा नाही. मंगलताई एका वाफ्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की मला त्यांच्या डोळ्यांत तो बाळकृष्ण दिसायला लागला. शेवटी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरच्या फुलदाणीतलं एक फूल मीच हळूच काढून रुमालात गुंडाळलं. देवासाठी घेतलेलं फूल चोरीत धरत नाहीत, असा आपला अलिखित कायदा आहे. आमच्या गल्लीत पहाटे पिशव्या घेऊन लोकांच्या कंपाउंडमधली जास्वंद साफ करणारे रिटायर्ड मामलेदार होते. त्यांना कुणी चोर म्हणालं नाही, फक्त कुत्रं पाळलं.

हॉर्न

बोट चालते आहे हे पोटातल्या पाण्याला कळत नाही. आमची कृष्णा ओळखीची नदी, तिला घाट आहे, पायऱ्या आहेत, उन्हाळ्यात वाळू आणि पावसाळ्यात राग आहे. इथलं पाणी शिस्तीतलं. मोठाले दरवाजे लावून त्याला वर चढवतात, खाली उतरवतात, आणि तेवढा वेळ बोट आज्ञाधारकपणे उभी असते. सगळ्यात गंमत वाटली ती एका ठिकाणी, जिथे आम्ही बोटीतून खाली बघतो तो बांधापलीकडे गाई चरत होत्या. पाणी वर आणि जमीन खाली! मंगलताई म्हणाल्या, "बांध फुटला तर हो?" मी म्हटलं, "तर गाई पोहत डोंबिवलीला." त्या हसल्या. पहिल्यांदा हसल्या.

हॉर्न हे जुन्या बंदराचं गाव. घरं पुढे कललेली, रस्त्यात डोकावून बघत असल्यासारखी, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर सामान वर ओढायचा आकडा. एका चौकात कॉफी प्यायला बसलो. मंगलताई कॉफी आणणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "अर्धाच कप." जेवतानाही सूप अर्धं, पाणी अर्धं. कप धरायचा तो दोन्ही हातांनी, ओंजळीत तीर्थ घ्यावं तसा. मला वाटलं, हे यांचं सोवळं, नाहीतर नाजूकपणा. मी माझा कप काठोकाठ भरून घेतला, मुद्दाम.

जेवणाचं म्हणाल तर लोक प्रेमळ, पण हात आखडता. दुपारी थंडच खायचं, ब्रेड आणि चीज. सकाळी मोठी माणसं ब्रेडवर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे पेरतात आणि गंभीर चेहऱ्याने खातात. मी शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी ती ब्रेडवर पेरून घेतली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. त्या दिवसापासून बोटीवर माझी पत वाढली.

एंकहाउझनजवळचं शेत

आता जे सांगणार आहे ते या प्रवासात घडलं नसतं तर मी हे लिहायला बसले नसते.

चौथ्या दिवशी बसने एका शेतावर नेलं. बाग नव्हे, शेत. जमिनीला रंगीत पट्टे ओढावेत तशी रांग न् रांग, थेट आभाळापर्यंत, आणि वर वारा. बरोबरच्या गाइड मुलीने बजावून सांगितलं होतं की कडेने बघा, आत पाऊल टाकू नका. मी त्या आजोबांशी बोलत होते. वळून बघते तर मंगलताई रांगेत! साडीचा काठ एका हाताने वर धरलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या वाकल्या आणि एका लाल फुलाच्या देठाला हात घातला.

आपल्याकडे फूल खुडायला दोन बोटं लागतात. त्यांना ते देठ चिमटीत धरताच येईना. बोटं नुसती त्याच्या आजूबाजूला थरथरत होती. मग त्यांनी दोन्ही हातांनी देठ धरलं आणि ओढलं, आणि आख्खं रोप मातीसकट हातात आलं, खाली कांदा लोंबतोय.

लांबून ट्रॅक्टर थांबला आणि एक उंच बाई ढांगा टाकत आली. वय आमच्याएवढं, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, केस आखूड. मी माझ्या नव्या गुडघ्यांवर जमेल तेवढी धावले, दोन्ही गुडघे गेल्याच वर्षी बदललेत, आणि मंगलताईंच्या हातातलं रोप हिसकावून घेतलं. विहीण माझी. परमुलखात तिला कुणी बोललेलं मी ऐकून घेणार नव्हते. मी इंग्रजीत म्हटलं, "सॉरी, मीच तोडलं."

"नाही," ती बाई म्हणाली, "तू नाही. हिने. मी बघितलं. तू खोटं कशाला बोलतेस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, हे आणखी विचित्र. जणू साखर संपली आहे असं सांगत होती.

मग म्हणाली, "फुलाचं मला काही नाही. पलीकडच्या शेतात बघ, मशीनने फुलांची मुंडकी उडवतोय. उद्या इथली उडवणार. फूल गेलं की कांदा पोसतो. कांदा हे माझं पीक. तो का उपटला? आणि बुटांनी आत का आलात? एका रांगेतला रोग दुसरीकडे जातो."

मंगलताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. देवाला फूल हवं होतं." जोडलेले हातही हलत होते. ती बाई त्या हातांकडे बघत राहिली आणि तिने सरळ विचारलं, "हात का थरथरतात? घाबरलीस म्हणून की आजार आहे?"

असं कुणी विचारतं का हो? तीन दिवस मी त्यांच्याबरोबर त्या काडेपेटीत राहत होते. कप बघत होते, अर्धं सूप बघत होते, सकाळी ब्लाउजचं हुक लावायला लागणारा वेळ बघत होते. पण विहिणीला 'साडी छान आहे' म्हणतात, 'हात का हलतात' असं विचारत नाहीत. विचारलं असतं तर कमीपणा काढल्यासारखं झालं असतं. आपल्याकडे याला रीत म्हणतात.

मंगलताई शांतपणे, शाळेत शिकवावं तशा स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "आजार आहे. दीड वर्ष झालं."

"मुलांना माहीत आहे?"

"एकच मुलगी आहे. तिला सांगितलेलं नाही."

"मग सांग," ती बाई म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला. तिने माझ्या हातातलं रोप घेतलं, कांदा पुन्हा मातीत दाबला, बुटाच्या टाचेने माती बसवली आणि आम्हाला कॉफीला बोलावलं. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा आला, तिने प्रत्येकीला एक बिस्कीट दिलं आणि झाकण लावून टाकलं. आमच्या मिरजेत असं झाकण लावलं असतं तर तीन पिढ्या बोलणं झालं असतं. पण निघताना याच बाईने बादलीभर फुलं आणून मंगलताईंच्या पिशवीत ओतली, मशीनने उडवलेली, बिनदेठाची, लाल, पिवळी, गुलाबी. म्हणाली, "तुझ्या देवाला सांग, खाली पडलेली आहेत, चालतील का?"

त्या दिवशी बाळकृष्ण फुलांत पार बुडाला. फक्त लोण्याचा गोळा धरलेला हात वर दिसत होता.

डेव्हेंटर

आयसेल नदीवरून आम्ही डेव्हेंटरला निघालो. दोन्ही काठांना पाण्यात वाकलेली झाडं, पिवळी रानफुलं, धावणारी वासरं. बोटीच्या गच्चीवर ऊन होतं. मंगलताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि आपण होऊन बोलल्या.

"विहीणबाई, तुम्हीच राहा बाळंतपणाला. मी निखिलना सांगते की मला तिकडे कामं आहेत. न्हाऊ घालताना बाळ माझ्या हातून निसटलं तर? रात्री झोपच येत नाही त्या विचाराने. फक्त अवनीला खरं सांगू नका. या दिवसांत तिला काळजी नको."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. ज्यासाठी आले ते न मागता पदरात पडलं होतं. मी "बरं" म्हटलंही. मग त्यांच्याकडे बघितलं. त्या हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या, आणि मला माझी लाज वाटली.

डेव्हेंटर छान गाव आहे, विटांचं, चर्चचा मनोरा कुठूनही दिसतो. तिथे मधाचा एक केक मिळतो, दालचिनी-आलं घातलेला. तो खात आम्ही चौकात बसलो होतो. मी म्हटलं, "अहो, पण अवनीला काय वाटेल? पहिलं बाळंतपण, आणि आई सांगते की कामं आहेत म्हणून जाते?"

"वाटू दे."

"वाटू दे काय! जन्मभर मनात धरेल ती. आईला माझ्यापेक्षा डोंबिवली जवळची, असं म्हणेल."

"आजारी आईपेक्षा रागावलेली मुलगी बरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "तिचे बाबा गेले तेव्हा ती इथून धावत आली होती, विहीणबाई. परत जाताना विमानतळावर मला म्हणाली होती, आई, आता तू तरी नीट राहा. मी तिला शब्द दिला होता. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मी त्यांच्या बशीत माझा उरलेला केक ठेवला. दोघी चौकातल्या सायकली बघत बसलो. एक बाई पुढे एक आणि मागे एक पोर बसवून, वर हँडलला भाजीची पिशवी लावून, फोनवर बोलत गेली.

किंडरडाइक

इथे पवनचक्क्या आहेत, पाण्याच्या दोन्ही बाजूंना रांगेने. एक आतून बघता येते. पूर्वी चक्कीवाल्याचं सगळं कुटुंब त्यात राहायचं, कपाटाएवढ्या पलंगावर. वर जायला शिडी, सरळ उभी. मी खालीच थांबले. मंगलताई मात्र साडी खोचून सरसर वर गेल्या, खाली आल्या आणि बाहेर गवतावर मांडी घालून टेकल्या, विशीतल्या मुलीसारख्या. मी जवळच्या बाकावर.

मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, "तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन."

त्या चिडल्या. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच बघत होते. "आणि तुम्ही एकट्या काय करणार आहात हो? मला तीन दिवस सांगताय, मी न्हाऊ घालीन, मी मालिश करीन. बाळाला पायावर घ्यायचं तर खाली पाय पसरून बसावं लागतं. तुम्हाला खाली बसता तरी येतं का? बसलात तर उठवायला निखिल ऑफिसातून येणार आहे?"

एक्स्चेंजमध्ये असं कुणी कधी माझी लाइन तोडली नव्हती. आणि बाई खरं तेच बोलत होत्या. एवढी हौस घेऊन सातासमुद्रापार आले, दोन्ही गुडघ्यांत स्टीलच्या वाट्या, डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मला हसू फुटलं. ते थांबेना. त्याही हसायला लागल्या, तिथेच गवतावर, डोळे पुसत. जपानी पाहुण्यांनी आमचा फोटो काढला.

"पाय आहेत तुमचे," मी म्हटलं.

"आणि हात तुमचे," त्या म्हणाल्या.

दुपारी बाकीची मंडळी रॉटरडॅम बघायला गेली आणि आम्ही केबिनमध्ये राहिलो. दोन पलंगांच्या मधल्या त्या हातभर वाटेत मंगलताई पाय पसरून बसल्या. मी पलंगाच्या कडेवर. टॉवेलची गुंडाळी करून ती त्यांच्या पायांवर पालथी घातली आणि मी तिला तेल लावायला लागले. पाठ, खांदे, तळवे. त्या शिकवत होत्या, "मान धरा, मान. टॉवेलला नसली म्हणून काय झालं?" इतक्यात खोली साफ करणारा मुलगा दार वाजवून आत आला, त्याने टॉवेलला अंघोळ घालणाऱ्या दोन बायका बघितल्या आणि "सॉरी" म्हणून दार लावून घेतलं. संध्याकाळी आमच्या पलंगांवर चार जादा टॉवेल होते.

मी म्हटलं, "मंगलताई, या डबीत आपण आठवडा काढला. निखिलच्या त्या खोलीत तर नाचता येईल." खोलीचा प्रश्न तिथेच मिटला. उरला तो एकच, अवनीला सांगायचा.

पुन्हा ॲमस्टरडॅम

निखिल-अवनी धक्क्यावर आले होते. अवनी आठवड्यात आणखी गोल झाली होती, निखिलच्या जाकिटाची चेन तिच्या पोटावर लागत नव्हती. निखिल सामान घेता घेता म्हणाला, "मग? काय ठरलं? कोण जिंकलं?"

मी मंगलताईंकडे बघितलं. किंडरडाइकला म्हटलं होतं खरं, पण मी सांगणार नव्हते. त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं. त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, पदराखालून दोन्ही हात काढले आणि लेकीसमोर धरले. हात हलत होते, वारा नव्हता तरी.

अवनीचं हसू गेलं. "आई, हे काय? कधीपासून?"

"दीड वर्ष. औषध चालू आहे. बाबांनंतर तुला मी नीट राहीन म्हटलं होतं. मी नीटच राहत होते गं. हे आपलं आपणच आलं."

अवनी रडली. चांगली रडली, धक्क्यावर, माणसं बघत असताना. "दीड वर्ष रोज व्हिडिओ कॉल करतेय मी, आणि तू हात फ्रेमच्या बाहेर ठेवत होतीस? इथे आल्यावरही पदराखाली?" ती भांडली, पुन्हा रडली, आईचे दोन्ही हात धरून उभी राहिली आणि ते सोडीना. मंगलताई म्हणाल्या, "मी जाते म्हणत होते, या विहीणबाईंनी जाऊ दिलं नाही." मग अवनीने एका हाताने मलाही ओढून घेतलं. निखिल दोन बॅगा धरून मध्येच उभा होता. त्याला म्हटलं, "तिकीट कुणाचंच बदलायचं नाही. आणि तुझं ते टेबल उद्या माळ्यावर टाक."

न्यूनेन

मुलगी झाली. गोरी म्हणता येणार नाही, पण टपोऱ्या डोळ्यांची, आणि आवाज माझा.

तिथे बाळंतिणीच्या घरी आठवडाभर एक सुईण येते, सरकारी पद्धतच आहे. ती बाळाला तपासते, आईला जेवू घालते, आल्यागेल्याला कॉफी करते आणि आज्यांना गप्प बसवते. ओव्याच्या धुरीचं तिने काही ऐकून घेतलं नाही, आणि धूर झाला की वाजणाऱ्या छतावरच्या घंटीनेही नाही. पण नाळ पडल्यावर, तिच्या शेवटच्या दिवशी, ती म्हणाली, आता तुमच्या पद्धतीने करा, मी बघते.

बाथरूममध्ये भिंतीला टेकून मंगलताई पाय पसरून बसल्या. मी छोट्या स्टुलावर, वाकून. अवनीने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं आणि मी तेलाचा हात लावला. इतकंसं ते अंग, पाठीचे मणके मोजावेत असे. माझ्या हाताखाली ते ऊबदार जिवंत काहीतरी सरकलं आणि मला एकदम निखिल आठवला, तान्हा, दुसऱ्यांच्या पायांवरचा, आणि मला पुढचं दिसेना. मंगलताई म्हणाल्या, "पाणी घाला, विहीणबाई. डोळ्यांतलं नको, बादलीतलं."

बाळ किंचाळलं. पहिल्या तांब्यापासून शेवटच्या तांब्यापर्यंत किंचाळलं. पुसलं, पावडर लावली, घट्ट गुंडाळलं, तरी थांबेना. मी घेतलं, अवनीने घेतलं, सुईणीने उलटंपालटं करून बघितलं. शेवटी पलंगावर ठेवलं. मंगलताई लांब उभ्या होत्या, हात मागे घेऊन. मी त्यांचा हात धरला आणि बाळाच्या छातीवर ठेवला.

तो हलत होता, नेहमीसारखा, बारीक, सारखा. मुलीने एक हुंदका दिला, दुसरा अर्धाच दिला आणि डोळे मिटले. थोपटायला त्यांना वेगळं काही करावंच लागत नव्हतं.

थोड्या वेळाने मंगलताईंनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "अहो, काढू का हात?"

"राहू दे गं, मंगल," मी म्हटलं.